सात आयतींची सोबत

पाच वेळा नमाज अदा करणारा मुसलमान एक छोटी प्रार्थना दिवसातून किमान 17 वेळा म्हणतो. पाच फर्ज नमाजांच्या मिळून 17 रकअती होतात आणि प्रत्येक रकअतीत ही प्रार्थना असतेच. सुन्नत नमाज आणि रमजानमधील रात्रीची तरावीह धरली, तर हा आकडा कितीतरी वाढतो. या प्रार्थनेचे नाव सूरह फातिहा. कुरआन उघडला की पहिली भेटते ती हीच. आयती अवघ्या सात. मूल बोलायला लागले की घरातली आजी किंवा मदरशातले उस्ताद आधी हीच पाठ करून घेतात. पण जे तोंडपाठ होते त्याच्या अर्थाकडे हळूहळू दुर्लक्ष होते, हा अनुभव सगळ्याच धर्मांतील माणसांना येतो.

या सात आयतींचा अर्थ समजून घेण्यात आणि समजावून सांगण्यात एका माणसाने आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. ते होते मौलाना अबुल कलाम आझाद. स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे अध्यक्ष आणि देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून सर्वजण त्यांना ओळखतात. त्यांचा जन्मदिवस, 11 नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. कुरआनचे भाष्यकार ही त्यांची ओळख मात्र शाळेच्या पुस्तकापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. रमजान हा कुरआन अवतरला तो महिना. म्हणून या दिवसांत त्यांच्या या बाजूकडे पाहायला हवे. त्यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे.

संशयातून श्रद्धेकडे

आझादांचा जन्म 1888 साली मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे धर्मपंडित. त्यांचा शिष्यपरिवार दूरवर पसरलेला होता. कुटुंब कलकत्त्याला आले आणि मुलाचे सारे शिक्षण घरातच झाले. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र. इतर मुले शाळा संपवतात त्या वयात हा मुलगा मोठ्या माणसांना शिकवू लागला होता.

अशा घरात वाढलेल्या मुलाने वडिलांची गादी चालवावी, हीच सर्वांची अपेक्षा. पण त्याला प्रश्न पडू लागले. आपण मानतो ते केवळ वाडवडिलांनी मानले म्हणून मानतो का? धर्म सत्य असेल, तर एकाच धर्माचे लोक एकमेकांना चुकीचे का ठरवतात? आणि सगळे धर्म ईश्वराकडेच नेतात, तर त्यांच्यात भांडणे का? या प्रश्नांनी त्यांची झोप उडवली. काही वर्षे अशी गेली की श्रद्धेचा आधारच उरला नव्हता. ही अवस्था त्यांनी पुढे लपवली नाही, मोकळेपणाने लिहून ठेवली. वारशाने मिळालेल्या समजुतींपासून आपण मुक्त झालो, याची खूण म्हणून त्यांनी आझाद हे नाव घेतले.

श्रद्धा परत आली, पण ती वारशाने मिळालेली नव्हती, स्वतः शोधून मिळवलेली होती. म्हणूनच ती पुढच्या आयुष्यात टिकली. ज्याला कधी शंकाच आली नाही, त्याच्यापेक्षा शंकेतून गेलेला माणूस दुसऱ्याची शंका अधिक मायेने ऐकतो. आझादांच्या लेखनात हा मायेचा सूर सतत जाणवतो.

1912 साली त्यांनी कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. वय अवघे तेवीस. इंग्रज सरकारविरुद्ध सर्व भारतीयांनी एकत्र यावे, असे हे पत्र कुरआनच्या आधाराने सांगत होते. सरकारने जामीन जप्त केला आणि पत्र बंद पडले. मग ‘अल-बलाग’ निघाले. 1916 मध्ये बंगाल सरकारने त्यांना प्रांताबाहेर काढले. ते रांचीला गेले आणि तिथे त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. ही स्थानबद्धता 1919 च्या अखेरपर्यंत चालली.

रांचीचा पाहुणा

रांचीत त्यांच्याकडे वेळ होता. कुरआनचा उर्दू अनुवाद आणि भाष्य हे काम त्यांनी आधीच हाती घेतले होते, ते तिथे पुढे नेले. 1917 साली स्थानिक लोकांना सोबत घेऊन त्यांनी एक मदरसा उभारला. त्याला रांचीतील हिंदू रहिवाशांनीही हातभार लावला. मुसलमान नसलेल्यांनी मशिदीत यावे की नाही, यावर त्या काळी वाद सुरू होता. आझादांनी इस्लामच्या सुरुवातीच्या काळातील दाखले देऊन एक पुस्तिकाच लिहिली आणि मशिदीचे दार त्यांच्यासाठी बंद नाही, असे सिद्ध केले.

डिसेंबर 1918 अखेरची एक रात्र. इशाची नमाज अदा करून आझाद मशिदीतून बाहेर पडले. कोणीतरी मागून येत असल्याचे जाणवले. वळून पाहिले, तर घोंगडी पांघरलेला एक माणूस उभा. विचारपूस केली तेव्हा कळले की तो सरहद्दीपलीकडून आला आहे. कंदाहारहून क्वेट्यापर्यंत पायी. क्वेट्यात त्याच्या मुलखातले काही व्यापारी भेटले. त्यांच्याकडे नोकर म्हणून राहून तो आग्र्यापर्यंत पोहोचला. आग्र्याहून रांचीपर्यंत पुन्हा पायी.

एवढी पायपीट कशासाठी? कुरआनमधील काही जागा त्याला समजून घ्यायच्या होत्या. ‘अल-हिलाल’ आणि ‘अल-बलाग’मधला शब्द न् शब्द त्याने वाचला होता. अडलेल्या ठिकाणी हाच माणूस वाट दाखवील, अशी त्याची खात्री झाली होती.

तो काही दिवस राहिला. आणि एके दिवशी निरोप न घेता निघून गेला. परतीच्या प्रवासासाठी आझाद पैसे देऊ करतील आणि ते ओझे आपल्याला नको, असे त्याला वाटले असावे. परतीचा बराचसा रस्ताही त्याने पायीच कापला असणार.

पुढे जेव्हा आझादांचे भाष्य छापून निघाले, तेव्हा त्यांनी ते कोणा नवाबाला, नेत्याला किंवा गुरूला अर्पण केले नाही. या घोंगडीवाल्या माणसाला अर्पण केले. त्याचे नावही त्यांना आठवत नव्हते, तो जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हते. अर्पणपत्रिकेत त्यांनी हे सारे नमूद केले. ग्रंथ कोणासाठी असतो, याचे उत्तर त्या एका पानात आहे. ज्याला गरज वाटते, जो त्यासाठी चार पावले चालतो, त्याच्यासाठी तो असतो.

हे भाष्य छापून निघेपर्यंत मात्र बारा वर्षांहून अधिक काळ गेला. रांचीत झडती झाली आणि हस्तलिखिते जप्त झाली. आझादांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 1921 च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्यात अटक झाली, तेव्हा पुन्हा घराची झडती झाली आणि कागद गेले. सुटकेनंतर ते परत मिळाले, पण फाटलेल्या, विस्कटलेल्या पानांचा ढीग होऊन. ते पाहून त्यांचे मन इतके खचले की कित्येक वर्षे त्यांनी त्या कामाला हात लावला नाही. 1927 साली पुन्हा लेखणी उचलली. पहिला खंड 1930 मध्ये मेरठच्या तुरुंगात पूर्ण झाला. दुसरा खंड 1936 साली निघाला. ‘तर्जुमान-उल-कुरआन’ हे त्याचे नाव.

पालनकर्ता कोणाचा?

या ग्रंथात सूरह फातिहावरचे भाष्य हाच एक स्वतंत्र ग्रंथ होईल एवढे मोठे आहे. सात आयतींमध्ये ईश्वराची ओळख कशी करून दिली आहे, हे आझादांनी एकेक शब्द घेऊन उलगडले.

पहिला शब्द रब. त्याचा साधा अर्थ पालनकर्ता. पण आझाद इथे थांबत नाहीत. पालन करणे म्हणजे नुसते खायला घालणे नव्हे. ज्याला ज्या वेळी जे आणि जेवढे हवे, ते त्याला त्या वेळी तेवढे देत पायरीपायरीने वाढवणे म्हणजे पालन. त्यांनी उदाहरण दिले ते आईचे. तान्ह्या बाळाला दूध हवे असते तेव्हा दूध असते. ते मोठे होऊ लागले की अन्न बदलते. तिचे प्रेमही त्याच्या गरजेप्रमाणे रूप बदलते. कधी कडेवर घेणे, कधी बोट धरणे, कधी बोट सोडणे. सृष्टीत पाऊस, माती, ऊन आणि बी यांचा जो मेळ बसतो, त्यातही आझादांना हीच काळजी दिसली.

आणि हा पालनकर्ता कोणाचा? कुरआनची ही पहिली प्रार्थना त्याला मुसलमानांचा पालनकर्ता म्हणत नाही. साऱ्या विश्वांचा म्हणते. आझादांनी यावर फार भर दिला. जो साऱ्यांना वाढवतो त्याची प्रार्थना करायची आणि त्याने वाढवलेल्यांपैकी काहींचा तिरस्कार करायचा, या दोन गोष्टी एका मनात मावू शकत नाहीत.

दुसरा शब्द रहमत, म्हणजे दया. फातिहामध्ये ईश्वर रहमान आणि रहीम या दोन नावांनी येतो. दोन्ही नावे दयेचीच. त्यानंतर येतो न्याय. ईश्वर निवाड्याच्या दिवसाचा मालक आहे. आझादांच्या मते हा न्याय रागावलेल्या राजाचा नाही. आगीत हात घातला की भाजतो, बी पेरले की उगवते, तसेच चांगल्या-वाईट कृतीचे फळ मिळते. दया आधी आणि न्याय तिच्या सोबतीने, हा क्रम त्यांनी वाचकाच्या लक्षात आणून दिला.

शेवटी सरळ मार्गाची मागणी. ही मागणीही एकवचनी नाही. एकटा माणूस नमाजला उभा राहिला, तरी तो केवळ स्वतःसाठी न मागता आपल्या सर्वांसाठी मागतो. सर्व प्रेषितांनी दाखवलेला धर्माचा गाभा एकच आहे, उपासनेच्या रीती आणि नियम काळानुसार व प्रदेशानुसार वेगळे झाले, असे आझादांनी इथे मांडले. या मतावर त्यांच्याच समाजातील काही विद्वानांनी टीका केली. आझाद मात्र आपल्या मतावर ठाम राहिले.

किल्ल्यातील चिमण्या

लिहिलेल्या शब्दाची परीक्षा जगताना होते. आझादांची ती परीक्षा महाराष्ट्राच्या भूमीवर झाली.

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत भारत छोडोचा ठराव झाला, तेव्हा आझाद काँग्रेसचे अध्यक्ष होते. 9 तारखेला पहाटे त्यांना अटक झाली. खास रेल्वेगाडीने कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरला नेण्यात आले आणि चांदबिबीच्या पराक्रमाने प्रसिद्ध असलेल्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव असे एकूण बाराजण. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले. आझादांनी पत्रे लिहिली. ती त्यांचे मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून होती, पण तुरुंगातून पाठवता येत नव्हती. सुटकेनंतर 1946 साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली.

आझाद पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत. रमजानमध्ये सहरीसाठी घराघरांत दिवे लागतात, साधारण तीच वेळ. स्वतः चहा करीत. मोगऱ्याच्या वासाचा चिनी चहा, दूध न घालता. मग लिहायला बसत.

त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. काड्या आणि कचरा सतत खाली पडे. वैतागून आझादांनी छत्री आणि बांबू घेऊन चिमण्यांशी लढाई सुरू केली. चिमण्या बधल्या नाहीत. शेवटी काँग्रेसच्या अध्यक्षांनी हार मानली आणि तह केला. तांदळाचे दाणे ठेवायला सुरुवात केली. आधी दूर, मग थोडे जवळ. चिमण्या आधी बिचकत आल्या. आझाद पुतळ्यासारखे न हलता बसून राहत. दिवसामागून दिवस गेले आणि एक वेळ अशी आली की चिमण्या त्यांच्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. त्यांनी त्यांना नावे दिली. एक मोती, एक कलंदर. घरट्यातून खाली पडलेले एक पिल्लू कित्येक दिवस उडतच नव्हते आणि एका क्षणी अचानक कसे भरारी घेऊन गेले, हेही त्यांनी मन लावून लिहिले.

देशभर धरपकड चालू होती. घरी पत्नी आजारी होती. अशा वेळी साठीकडे झुकलेला हा विद्वान कैदी चिमण्यांना दाणे घालत होता. ज्याने पालनाचा अर्थ शेकडो पानांत मांडला, त्याचा हात इथे त्याच कामात गुंतलेला दिसतो. भित्र्या जिवाला भीती वाटणार नाही, इतक्या सबुरीने त्याच्याजवळ जाणे ही दयेचीच एक रीत आहे.

एक तार

पत्नी जुलेखा बेगम. 1922 साली आझादांना एक वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा तिने गांधीजींना तार करून कळवले होते की शिक्षा आम्ही मनाची तयारी केली होती त्यापेक्षा कमीच आहे आणि पतीचे बंगालमधील खिलाफतचे काम ती पुढे चालवील. ऑगस्ट 1942 मध्ये आझाद मुंबईला निघाले, तेव्हा ती निरोप द्यायला दारापर्यंत आली होती. तीच त्यांची शेवटची भेट ठरली.

1943 च्या मार्चअखेर तिची प्रकृती गंभीर झाल्याची बातमी किल्ल्यात आली. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती वर पोहोचवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. ज्या सरकारविरुद्ध आपण हजारो लोकांना उभे केले, त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागणे आझादांना पटले नाही. 9 एप्रिल रोजी जुलेखा बेगम गेली. ती बातमी तारेने आली.

त्यांनी आपला दिनक्रम मोडला नाही. ठरल्या वेळी उठले, ठरल्या वेळी जेवणाच्या टेबलाशी आले. हे शांत दिसणे किती जड गेले, हे पत्रात मात्र मान्य केले. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. रोज नजरेस पडणारी. त्या दिवसापासून ती अनोळखी कबरही जवळची वाटू लागली. तीनेक महिन्यांनी भोपाळहून बहिणीच्या निधनाची बातमी आली.

जून 1945 मध्ये सुटका झाली. हावडा स्टेशनवर मोठी गर्दी जमली. मोटार फुलांच्या हारांनी भरून गेली. घरी जाण्याआधी आझादांनी मोटार कबरस्तानाकडे घ्यायला सांगितली. त्या ढिगातला एक हार उचलून पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मूकपणे फातिहा म्हटली.

ज्या सात आयतींवर त्यांनी शेकडो पाने लिहिली होती, त्याच त्यांनी तिथे म्हटल्या. मोठ्या विद्वानाकडेही त्या क्षणी तेवढेच होते, जेवढे गावातल्या निरक्षर आजीकडे असते.

दोन वर्षांनी फाळणी झाली. दिल्लीत दंगली पेटल्या. निराधार झालेल्या लोकांना आझादांनी आपल्या घरात आणि आवारातील तंबूंमध्ये आसरा दिला. ऑक्टोबर 1947 मध्ये जामा मशिदीत जमलेल्या, घाबरलेल्या आणि सामान बांधून बसलेल्या लोकांना त्यांनी परखड शब्दांत सुनावले आणि धीरही दिला. ही भूमी तुमची आहे, भीतीने ती सोडू नका, हे त्याचे सार होते. कित्येकांनी बांधलेले सामान पुन्हा सोडले. पुढची दहा वर्षे त्यांनी शिक्षणमंत्री म्हणून देशाच्या शाळा, विद्यापीठे आणि कलासंस्था उभारण्यात घालवली. तेही एक प्रकारचे पालनच होते.

22 फेब्रुवारी 1958 रोजी त्यांचे निधन झाले. जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मधल्या जागेत त्यांची कबर आहे. कुरआनच्या 114 सूरहांपैकी पहिल्या 23 सूरहांपर्यंतचेच खंड त्यांच्या हयातीत छापले गेले. काम अपुरे राहिले. पण पहिल्या सात आयतींचे काम पुरे झाले होते, आणि रोज जगायला माणसाला त्या पुरतात.

रमजानच्या रात्री मशिदींत तरावीह चालते. इमाम प्रत्येक रकअतीत आधी फातिहाच म्हणतात. साऱ्या विश्वांच्या पालनकर्त्याचे नाव घेऊन नमाजी घरी परततात. वाटेत शेजाऱ्याचे दार असते. आजारी माणसाचे घर असते. जकात आणि फित्रा ज्याच्या हक्काचा आहे तो माणूस असतो. उन्हाने तापलेल्या गच्चीवर पाणी शोधणारी चिमणी असते. ओठांवरची प्रार्थना तिथपर्यंत पोहोचली, की तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.